बुडाशी

वरून बघाल तर फळ लाखात एक.
देठाशी हिरवं, पोटाशी तांबूस,
धनकवडीच्या उन्हात ताणून बसलेलं.
उलटं केलं की कळतं:
बुडाला रुपयाएवढा काळा डाग,
खचलेला, चामड्यासारखा.

रंगाच्या सात बादल्या गच्चीवर,
सातांतही तेच.
कडुलिंब फवारला, राख टाकली,
रियाजच्या भुर्जीच्या गाडीवरून
पिशवीभर टरफलं आणली,
वाळवून मिक्सरला फिरवली.
(सुनेनं पुढे आठ दिवस
त्या भांड्यात चटणी वाटली नाही.)
टपरीवरचा पानाचा चुनासुद्धा
कालवून पाजला.
डाग हटेना.

शेवटी एक टोमॅटो स्टीलच्या डब्यात घातला
आणि बसनं गेले शिवाजीनगरला, शेतकी कॉलेजात.
खोरे मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला,
नखानं डाग दाबला.
रोग नाही हा, म्हणाल्या. कीडही नाही.
बुडापर्यंत चुना पोचत नाहीये.
म्हटलं, अहो, घातलाय की ढीगभर!
मातीत असून काय उपयोग?
तो पाण्याच्या पाठकुळी बसून वर जातो.
पाणी कसं घालता?

कसं म्हणजे,
येतं तसं.
दिवसाआड पिंपं भरली की बादल्या तुडुंब,
मधल्या दिवशी मातीला भेगा.
गुरुवारी बंद असलं
तर शुक्रवारी दाब नाही,
तेव्हा आधी माणसं.

येताना डबा मांडीवर
आणि मला एकटीलाच हसू येत होतं.
कारण मी बायको कुणाची?
तेहेतीस वर्षं महापालिकेच्या पाण्याच्या
चाव्या फिरवल्या त्याची.
छातीएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून
रात्री तीनला निघायचा माणूस.
कुठल्या गल्लीला कधी, किती मिनिटं,
सगळं तोंडपाठ.
"ओ खुटवड, वरच्या आळीला अर्धा तास जास्त का?"
लोक दारात येऊन भांडायचे,
मी चहा टाकायचे.
सुलभा झाली त्या रात्री
हे पद्मावतीच्या टाकीवर.
आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी,
पेढे, मोसंब्या, नवी साडी, डोळ्यांत पाणी,
एकदम सगळं तुडुंब.
मग पुढे चार दिवस कोरडे.

हे त्यांना सांगितलं नाही.
मॅडम म्हणाल्या तेवढंच सांगितलं.

काही बोलले नाहीत.
संध्याकाळी ओळखीच्या कंपाउंडरकडून
सलाईनच्या सात नळ्या घेऊन आले,
आणि रसवंतीवरून चिपाडांचं पोतं.
चिपाडं मातीवर अंथरली, उन्हाला आडोसा.
पिंप विटांवर चढवलं.
प्रत्येक नळीला एक पांढरं चाक,
चिंचोक्याएवढं.
त्या चावीनं घट्टे पडलेला अंगठा
चाकावर ठेवून
केसभर पुढे, केसभर मागे,
दुसऱ्या हातात घड्याळ:
मिनिटाला बारा थेंब.
"उन्हं वाढली की पंधरा करू."

डाग पडलेलं फळ काही सुधारत नाही.
ती सगळी तोडली,
वरचा चांगला भाग चिरून सारात घातला.
पुढची फुलं संक्रांतीनंतर धरली.

आता मंडईतही टोमॅटो
मी आधी उलटा करून बघते.
भाजीवाली वैतागते.

आज घरचा पहिला तोडला.
बूड स्वच्छ. मधोमध एक बारीक टिंब,
फूल गळालं तिथलं.

रात्री तीनला त्यांना अजून जाग येते.
चपला न घालता गच्चीवर जातात.
मी अंथरुणातूनच विचारते,
चालूय का?
चालूय, म्हणतात वरून.
परत येतात तेव्हा
पाय गार असतात.